एका डोळ्याने घुबडं टिपणारा माणूस: एरिक हॉस्किंग

मोबाइलने पक्ष्याचा फोटो काढून पाहिलाय ना? समोर तारेवर बसलेला खंड्या डोळ्यांना झकास दिसतो, निळा रंग, लांब चोच, सगळं. आणि फोटोत काय येतं, तर तारेवर एक निळसर ठिपका. मग आपण म्हणतो झूम कमी पडला, आणि पुढच्या फोनची जाहिरात बघायला लागतो.

आज ज्याची गोष्ट सांगतोय, त्याच्याकडे सुरुवातीला आजच्यासारखा झूमच नव्हता. ऑटोफोकस नव्हता, बर्स्ट मोड नव्हता, एका वेळी एकच फोटो निघायचा आणि तो कसा आलाय हे घरी जाऊन काच धुतल्यावर कळायचं. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याचा एक डोळाही गेला. तरीही विसाव्या शतकातल्या पक्षी-छायाचित्रकारांमध्ये एरिक हॉस्किंग हे नाव अगदी वरच्या रांगेत घेतलं जातं. हे कसं जमलं याचं उत्तर मला इंजिनीअर म्हणून भारी आवडतं, कारण त्यात बरंचसं तंत्रज्ञान आहे आणि त्याहून जास्त भूमिती आहे.

आधी भूमितीच बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ मिलिमीटर लेन्सइतकं रुंद दृश्य पकडतो. अशा कॅमेऱ्यात फ्रेमची रुंदी अंतराच्या साधारण दीडपट असते. म्हणजे चिमणी २० मीटरवर असेल, तर फ्रेममध्ये ३० मीटर रुंदीचं जग मावतं. फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे असं धरा. १५ सेंटीमीटरच्या चिमणीच्या वाट्याला किती आले? फक्त २०. पाचपट झूमवाला फोन घेतलात तर १०० होतील. पण तोच फोन घेऊन चिमणीपासून ३ मीटरवर पोचलात, तर साडेसहाशेच्या वर जातील. झूमने पाचपट फायदा झाला, अंतर कमी केल्याने त्यावर आणखी जवळपास सातपट. पैसे मोजावे लागतात ते झूमला. अंतर कमी करायला लागतो तो वेळ, आणि हॉस्किंगने आयुष्यभर तोच मोजला.

जन्म १९०९ चा, लंडनचा. पोरवयातच त्याच्या हातात कोडॅकचा ब्राऊनी हा खोकाछाप कॅमेरा आला. पुठ्ठ्याची पेटी, पुढे साधी लेन्स, फोकस कायमचा ठरलेला. आजच्या बजेट फोनमधल्या त्या उगाच दिलेल्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्यासारखाच, उभ्या माणसांचे फोटो ठीक, जवळची वस्तू धूसर. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो त्यावर चांगला येणं जवळपास अशक्य. पण नाद लागायला तेवढं पुरलं.

शिक्षण फार झालं नाही. मोटारींच्या धंद्यातल्या एका कंपनीत नोकरी होती, ती १९२९ च्या सुमारास गेली. जगभर मंदीचे दिवस. विशीतला बेकार पोरगा, हातात एक छंद. त्या छंदावरच पोट भरायचं त्याने ठरवलं, आणि लहान मुलांचे फोटो, समारंभांचे फोटो, पक्ष्यांवर व्याख्यानं असं जे मिळेल ते करत पक्ष्यांचं काम चालू ठेवलं. आजच्या भाषेत फ्रीलान्सिंग.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, चामड्याचा भाता आणि मागे दुधी काच. त्या काचेवर चित्र उलटं दिसायचं, डोकं खाली पाय वर. त्यावरच फोकस जुळवायचा. मग दुधी काचेच्या जागी रसायन लावलेली फोटोची काच सरकवायची, आणि ती आत गेली की लेन्समधून बघणं बंद. म्हणजे पक्षी कुठे येणार हे आधी ठरलेलं पाहिजे, फोकस तिथेच लावून ठेवलेला पाहिजे, आणि मग तो नेमका तिथे येईपर्यंत बसायचं. एक फोटो झाला की काच बदला, शटर पुन्हा ताणा, आणि हे सगळं पक्ष्याला आवाज न जाऊ देता.

पक्षी नक्की एकाच ठिकाणी परत परत येतो अशी जागा म्हणजे घरटं. म्हणून त्या पिढीचे बहुतेक फोटो घरट्यावरचे आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

लपण नावाचं हार्डवेअर

हॉस्किंगचं खरं यंत्र कॅमेरा नव्हतं. ते होतं हाइड, म्हणजे लपण. चार दांडे, त्यावर कापड, पुढे लेन्सपुरतं भोक, आत एक स्टूल. बस्स. ही कल्पना त्याची नव्हे. त्याच्या आधी रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या दोघा भावांनी तर पोकळ बैल बनवला होता, खऱ्या कातड्याचा, आणि त्याच्या पोटात बसून पक्ष्यांचे फोटो काढले होते. (हे ऐकून हसू येतं, पण त्या बैलाचा फोटो बघितलात तर त्यांच्या चिकाटीला हात जोडाल.)

लपण उभं करण्याची एक पद्धत असते, आणि घाई केली की ती फसते. पहिल्या दिवशी ते पक्ष्यापासून दूर ठेवायचं. पक्ष्याने ते स्वीकारलं, नेहमीसारखी ये-जा चालू ठेवली, की थोडं पुढे. परत थांबायचं. काही वेळा यात आठवडा जातो. शेवटी कॅमेरा दोन-तीन मीटरवर येतो. मग आत शिरताना बरोबर दुसरा माणूस घ्यायचा. दोघं जातात, एक आत बसतो, दुसरा बाहेर पडून सरळ चालत निघून जातो. बऱ्याच पक्ष्यांना ही बेरीज-वजाबाकी जमत नाही. माणूस आला आणि गेला, एवढंच त्यांना कळतं.

सोशल इंजिनीअरिंगचं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही.

झाडावरच्या पक्ष्यांसाठी लपण उंच न्यावं लागे. खांब रोवून, फळ्या ठोकून शेतातल्या माळ्यासारखं मचाण उभारायचं आणि वर कापडाची खोली. वेल्समध्ये डोल्डोव्लोड नावाच्या ठिकाणी हॉस्किंगने असंच मचाण बांधलं होतं, टॉनी आऊल या तपकिरी घुबडासाठी. आपल्याकडे आंब्याच्या जुन्या झाडांवर राहणारं वन घुबड त्याच्याच कुळातलं.

मे १९३७

घुबडाचे फोटो रात्री काढायचे तर उजेड आपणच न्यायला हवा. त्याआधी मॅग्नेशियमची पूड पेटवायचे, मोठा भडका आणि धूर. १९३० च्या आसपास फ्लॅशबल्ब आले, काचेच्या गोळ्यात ऑक्सिजन आणि अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी. वीज दिली की पन्नी झटक्यात जळते, धूर बाहेर येत नाही. एक बल्ब, एक फोटो, मग तो फेकायचा. ब्रिटनमध्ये हे बल्ब रानातल्या पक्ष्यांसाठी वापरणाऱ्या पहिल्या लोकांत हॉस्किंग होता.

त्या रात्री तो अंधारात मचाणाकडे परत चढत होता. घुबडांची पिल्लं जवळच होती, आणि पिल्लं असलेलं टॉनी घुबड माणसावरही धावून जातं. घुबडाच्या पंखांच्या कडेला कंगव्यासारखी बारीक झालर असते, त्यामुळे हवा कापल्याचा आवाज जवळपास होतच नाही. काही ऐकू यायच्या आत नखं चेहऱ्यावर आली आणि एक नख डाव्या डोळ्यात रुतलं.

लंडनला मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयात त्याला नेलं. जखमेत जंतुसंसर्ग झाला. पेनिसिलिनचा शोध लागलेला होता, पण औषध म्हणून ते रुग्णापर्यंत पोचायला आणखी काही वर्षं लागणार होती. एका डोळ्याचा बिघाड दुसऱ्या डोळ्यातही जाऊ शकतो, तेव्हा वाट बघितली तर दोन्ही डोळे जाण्याची भीती. डावा डोळा काढून टाकायचा की दोन्ही वाचतील या आशेवर थांबायचं, हे सत्तावीस वर्षांच्या, फोटोंवर पोट असलेल्या माणसाला ठरवायचं होतं. त्याने डोळा काढायला सांगितलं.

या बातमीने तो देशभर गाजला. वर्तमानपत्रांनी गोष्ट उचलून धरली, आणि नंतर कामं मिळायला त्याची मदतच झाली. दैवाची असली मार्केटिंग कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याने घुबडावर राग धरला नाही. पिल्लांच्या इतक्या जवळ तो गेला होता, घुबडाने घुबडाचं काम केलं. तो परत घुबडांकडेच गेला आणि पुढे उभ्या आयुष्यात घुबडं हा त्याचा लाडका विषय राहिला. १९८२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने निव्वळ घुबडांवर एक अख्खं पुस्तक काढलं.

एका डोळ्याने फोटो काढता येतात का, असा प्रश्न पडेल. कॅमेरा तसाही एकाक्षच असतो. अडचण येते ती अंतराच्या अंदाजात. आपल्याला जवळ-दूर कळतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे दोन डोळ्यांना दिसणारी किंचित वेगळी चित्रं. गंमत बघा, तुमच्या फोनचा ऑटोफोकस हीच युक्ती वापरतो. ड्युअल पिक्सेल म्हणतात त्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग असतात. एक भाग लेन्सच्या डाव्या बाजूने आलेला प्रकाश बघतो, दुसरा उजव्या बाजूने आलेला. दोन्ही चित्रं जुळली की फोकस बरोबर, सरकलेली असली की किती आणि कुठल्या बाजूला फिरवायचं ते लगेच कळतं. एकाच लेन्सला दिलेले दोन डोळे. हॉस्किंगला हे सगळं उरलेल्या एका डोळ्याने आणि दुधी काचेवर करायचं होतं.

प्रतिक्रिया देणारं बोट आणि त्याहून जलद दिवा

महायुद्ध संपल्यावर दोन नव्या गोष्टी त्याच्या हाती आल्या आणि इथे त्याचं काम इतरांच्या पुढे गेलं.

पहिली, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टनने हे तंत्र तीसच्या दशकात वापरात आणलं होतं. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि वायू भरलेल्या नळीतून ती एकदम सोडायची. उजेड पडतो तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता. याने काय फरक पडतो? पंखाचं टोक सेकंदाला ५ मीटर वेगाने हलतंय असं धरा. शटर १/२५० सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात ते २ सेंटीमीटर सरकतं, फोटोत नुसता फराटा. उजेडच १/५००० सेकंद टिकला तर १ मिलिमीटर. प्रत्येक पीस वेगळं दिसतं. शटर हळू असलं तरी चालतं, कारण अंधारात फोटो उमटतो तो उजेडाच्या क्षणाचाच.

फोनमधला फ्लॅश मात्र एलईडी असतो. तो मिणमिणता आणि बराच वेळ पेटणारा, म्हणजे उडता पक्षी गोठवायला निरुपयोगी. काही जुन्या नोकिया फोनमध्ये खरा झेनॉन फ्लॅश यायचा, तो या जातीचा. शिवाय अंतर दहापट झालं की उजेड शंभरपट कमी होतो, तेव्हा २० मीटरवरच्या पक्ष्यासाठी फोनचा फ्लॅश लावणारे नुसतीच बॅटरी खर्च करतात.

दुसरी गोष्ट, फोटो-इलेक्ट्रिक ट्रिगर. आपल्याला दिसलं, मेंदूला कळलं, बोट हललं, यात साधारण ०.२ सेकंद जातो. सेकंदाला १० मीटर उडणारा पक्षी तेवढ्यात २ मीटर पुढे गेलेला असतो, आणि दोन मीटरवर लावलेल्या कॅमेऱ्यासाठी तो गेलाच. यावर उपाय म्हणून पक्ष्याच्या वाटेवर प्रकाशाची एक रेघ सोडायची, समोर प्रकाश ओळखणारा सेल. पक्ष्याने रेघ तोडली की सेल विजेचा इशारा देतो, शटर उघडतं, दिवा लखलखतो. माणसाच्या बोटाचं कामच संपलं. पक्ष्याने स्वतःचा फोटो स्वतः काढला म्हणा ना.

फोनने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवलाय. कॅमेरा अ‍ॅप उघडलं की बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग गुपचूप चालू होतं आणि शेवटच्या काही फ्रेम मेमरीत गोल गोल फिरत राहतात. नवी आली की सर्वात जुनी पुसली जाते, याला रिंग बफर म्हणतात. तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन आत्ताची नाही, किंचित आधीची फ्रेम उचलतो. हॉस्किंगने यंत्राला माणसापेक्षा जलद केलं, आपण यंत्राला भूतकाळात हात घालायला शिकवलं. दोन्हीचं मूळ एकच, ०.२ सेकंदाचं बोट.

१९४८ मधला त्याचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. कृष्णधवल. गव्हाणी घुबड, तेच जे आपल्याकडे जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात राहतं. चोचीत उंदरासारखा छोटा प्राणी, दोन्ही पंख वर पसरलेले, चेहरा सरळ आपल्याकडे, एखाद्या राजघराण्याच्या मुद्रेवरच्या पक्ष्यासारखं. इंटरनेटवर शोधून बघा. आणि बघताना हे लक्षात ठेवा, की काढणाऱ्याला एकच डोळा होता आणि तो डोळा असाच एका घुबडाने घेतला होता.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते यशाचं आहे आणि यशाच्या याद्या कंटाळवाण्या होतात. १९४५ पासून निघालेल्या न्यू नॅचरलिस्ट या गाजलेल्या ग्रंथमालेचा तो छायाचित्र-संपादक होता, नंतर ब्रिटिश बर्ड्स या मासिकाचाही. सिरिल न्यूबेरीबरोबर त्याने बरीच पुस्तकं लिहिली, त्यातलं १९६१ चं एक तर छंद म्हणून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठीच होतं. १९५६ आणि १९५७ मध्ये तो गाय माउंटफर्टच्या मोहिमेबरोबर स्पेनच्या कोतो दोन्याना या दलदलीच्या रानात गेला. तिथल्या त्याच्या फोटोंमुळे ते रान बाहेरच्या लोकांना दिसलं, आणि १९६९ मध्ये दोन्याना राष्ट्रीय उद्यान झालं. नंतर जॉर्डन, पाकिस्तान. १९७० मध्ये आत्मचरित्र आलं, १९७७ मध्ये ब्रिटिश सरकारचा ओबीई किताब. फेब्रुवारी १९९१ मध्ये तो गेला. मुलगा डेव्हिडही निसर्ग-छायाचित्रकारच झाला.

मग आपणही घरट्याजवळ जायचं का?

नाही. वर लक्षात ठेवा म्हटलेला मुद्दा हाच. हॉस्किंगच्या पिढीला घरट्याशिवाय दुसरी खात्रीची जागा नव्हती, कारण कॅमेरा एकाच बिंदूवर रोखलेला असायचा. त्यांच्याकडे हळूहळू पुढे सरकायला आठवडा होता आणि पक्षी बिथरला की मागे फिरायची शिस्त होती. आज तेवढी गरज उरलेली नाही. आपल्याकडच्या अनेक वन्यजीव फोटोस्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. घाबरलेला पक्षी अंडी सोडून उठला की ती उन्हात तापतात किंवा कावळ्याच्या नजरेला पडतात, आणि हे आपण निघून गेल्यावर घडतं, म्हणून फोटो काढणाऱ्याला कधी कळतही नाही.

आपल्या हातातल्या फोनमध्ये तर हॉस्किंगकडे नसलेल्या दोन खोड्या आहेत. एक म्हणजे पक्ष्याचा आवाज वाजवणं. विणीच्या दिवसांत नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो चारा शोधायचं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो. दुसरी जास्त वाईट. लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लिहिले जातात. बरेच सोशल अ‍ॅप ते काढून टाकतात, पण फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ते तसेच जातात. आणि घुबडांचा आपल्याकडे जादूटोण्यासाठी चोरटा व्यापार चालतो, दिवाळीच्या सुमारास जास्त. गव्हाणी घुबडाचा फोटो कुठल्या वाड्यात काढला हे गावाचं नाव आणि वाड्याच्या दारासकट ग्रुपवर टाकणारे लोक मी स्वतः बघितलेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करायला दहा सेकंद लागतात.

उरतं अंतर. त्यासाठी मनोरा बांधायची गरज नाही. चालत जाणाऱ्या माणसाला पक्षी जितके बिचकतात तितके उभ्या गाडीला बिचकत नाहीत, म्हणजे चारचाकी हे चालतंफिरतं लपणच. पाणवठ्याच्या किंवा माळाच्या कडेला गाडी लावा, इंजिन बंद, काच खाली, फोन खिडकीच्या कडेवर दुमडलेल्या टॉवेलवर टेकवलेला. दार उघडायचं नाही. गाडी नसेल तर पाण्याजवळ झुडपाला पाठ लावून बसा, मळकट रंगाचे कपडे, फोन सायलेंटवर, शटरचा आवाज बंद. सूर्य पाठीशी हवा. पहिला अर्धा तास काहीच होत नाही. मग एखादी टिटवी ओरडायची थांबते, आणि बाकीचे हळूहळू परत यायला लागतात.